नागरी हक्क गटाचं काम अंगावर घेतलंय? सुरुवात कशी करायची ते सांगते

प्रत्येक शहरात, तालुक्यात असा एखादा छोटा गट असतो. नाव नागरी हक्क मंच असेल, लोकशाही हक्क समिती असेल, ऑफिस बहुतेक वेळा कुणाच्या तरी घरातली पुढची खोली, आणि चालवणारे सगळे आपापली नोकरी-धंदा सांभाळून हे करणारे. आमचा गट पुण्यातल्या एका वस्तीत आहे. दरवर्षी नवीन पोरं-पोरी येतात, कुणी लॉचं शिकतंय, कुणी रिक्षा चालवतो, कुणी बचत गटातून आलेली ताई, आणि सहा-आठ महिन्यात त्यातल्याच कुणावर तरी निमंत्रक किंवा सचिव व्हायची वेळ येते. मग रात्री साडेअकराला फोन येतो की भावाला उचलून नेलंय, आणि त्या माणसाला कळतच नाही पहिलं काय करायचं. त्यांच्यासाठी हे लिहितेय. यातलं काही ऐकीव नाही, रोजच्या कामातलं आहे, आणि कायद्याचा भाग शक्य तितका तपासून दिलाय. वकिलाला विचारायचं ते विचाराच, पण वकील येईपर्यंतचे जे तास असतात ना, ते तुमच्या हातात असतात.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रकरण ज्याच्यावर बेतलंय त्याचं असतं, आपलं नसतं. तक्रार करायची की नाही, मागे घ्यायची का, पेपरला द्यायची का, हे तो किंवा ती ठरवणार. आपण वेळ सांभाळायची आणि कागद सांभाळायचा.

१. कुठली कामं घेणार ते आधी लिहून काढा

पहिल्या मिटिंगला हे करा. बेकायदा अटक, कोठडीतली मारहाण, एफआयआर न घेणं, अॅट्रॉसिटी (अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांवरचे अत्याचार), सामाजिक बहिष्कार, झोपडी पाडण्याची नोटीस, रेशन-पेन्शन अडवणं, असे विषय समोर येतातच. पाच-सहा माणसांच्या गटाला सगळं झेपत नाही. दोन-तीन विषय नीट घ्या आणि बाकीच्यांसाठी कुणाकडे पाठवायचं त्या संस्थांची, वकिलांची यादी ठेवा.

काय घेणार नाही हेही लिहा. आमच्याकडे तीन गोष्टींना स्पष्ट नाही आहे: पैशाची वसुली, जमिनीची खासगी भांडणं, आणि मांडवली. मांडवलीचं तर फार जपा. दोन्ही बाजू ओळखीच्या असतात, पोलीसही म्हणतात तुम्हीच बसून मिटवा ना, तुमचं ऐकतात, आणि नवीन माणसाला बरं वाटतं की आपल्याला मान आहे. पण एकदा तुम्ही मध्ये बसलात की ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्यामागे कुणीच उरत नाही. आणि तिथे दोन हजार रुपये जरी इकडून तिकडे गेले तरी गटाचं नाव संपलं.

अजून एक. गळ्यात "मानवाधिकार" लिहिलेलं ओळखपत्र, गाडीवर तसलं स्टिकर, गाडीला दिवा, हे काहीही करू नका. असली कार्डं पैसे घेऊन वाटणाऱ्या टोळ्या आहेत, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाशी मिळतीजुळती नावं लावून फिरतात, आणि त्यांच्यामुळे खऱ्या कार्यकर्त्याकडे पण पोलीस आधी त्याच नजरेने बघतात.

२. नोंदणी करायची का

हा प्रश्न सगळे पहिल्याच दिवशी विचारतात. माझं मत, पहिलं वर्षभर घाई करू नका. संघटना करणं हा घटनेच्या कलम १९(१)(ग) मधला हक्क आहे, नोंदणी नसलेला गटही पत्र देऊ शकतो, आरटीआय (माहिती अधिकाराचा अर्ज) टाकू शकतो, तक्रारदारासोबत जाऊ शकतो. नोंदणी लागते ती गटाच्या नावाने बँक खातं उघडायला, जागा घ्यायला, देणग्या नीट घ्यायला.

करायचीच तर महाराष्ट्रात संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सभासद लागतात आणि सोबत महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंद होते. लोक इथपर्यंत उत्साहाने करतात आणि नंतर विसरतात. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट टाकायचा असतो, दरवर्षी ऑडिट लागतं. ते राहिलं की पुढे वाद झाला तर विरोधक पहिलं तेच काढतात. परदेशातल्या नातेवाइकाने वगैरे मदत पाठवतो म्हटलं तर गटासाठी घेऊ नका, देणारा परदेशी नागरिक असेल तर एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी लागते आणि ती तुमच्याकडे नसणार.

पैशाचं म्हणाल तर वर्गणी वही, पावती पुस्तक आणि महिन्याला हिशोब सगळ्यांसमोर. तक्रारदाराकडून एक रुपया घ्यायचा नाही, चहाचा पण नाही. वकिलाची फी ठरली तर ती त्याने थेट वकिलाला द्यायची, आपल्या हातातून नको.

३. माणसं, ड्युट्या आणि पिशवी

एकच माणूस सगळीकडे धावतो असा गट दोन वर्षात बंद पडतो. म्हणून पहिल्या दिवसापासून कामं वाटा: फोन कुणाकडे (आठवड्याने बदलायचा), नोंदवही कुणाकडे, कोर्टाच्या तारखा कुणाकडे, वकिलांशी बोलणं कुणाकडे. पोलीस स्टेशनला कधीही एकट्याने जायचं नाही, दोघं जायचं, आणि त्यात एक बाई असली तर फार फरक पडतो. तक्रारदार बाई असेल तर बाई असायलाच पाहिजे.

आमची एक कापडी पिशवी तयारच असते, ज्याच्याकडे फोन त्याच्याकडे पिशवी:

- कोरे कागद, कार्बन पेपर, दोन पेनं, स्टॅम्प पॅड (अंगठा घ्यायला)
- दहा आणि वीस रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प
- कोऱ्या वकीलपत्राचे दोन-तीन फॉर्म
- वकिलांचे, विधी सेवा प्राधिकरणाचे, एसीपी-डीसीपी ऑफिसचे नंबर आणि ईमेल, कागदावर लिहिलेले, कारण मोबाइल बंद पडतो
- अटकेच्या नियमांची मराठी एक पानी प्रत
- चार्जर, पाण्याची बाटली, बिस्किटं

शेवटच्या ओळीला कमी समजू नका. ठाण्याच्या बाकड्यावर आई चार-पाच तास बसलेली असते, दुपारपासून काही खाल्लेलं नसतं, आणि तेवढ्यात तिला जबाब विचारतात.

४. वही आणि पोच

नोंदवहीत प्रत्येक फोनची नोंद: तारीख, वेळ, कोण बोललं, काय झालं, आपण काय सांगितलं. शाईच्या पेनने, पानं नंबर घालून, मधे जागा न सोडता. सहा महिन्यांनी कोर्टात वेळेवरून प्रश्न येतो तेव्हा हीच वही आठवणींना आधार देते. प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल, वर एक कागद ज्यावर फक्त पुढची तारीख आणि कोण जाणार.

आणि पोच! कुठलाही अर्ज दोन प्रतीत. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक नंबर घ्यायचा. ठाणे अंमलदार म्हणेल ठेवा इथे, साहेब आले की बघतील. ठेवायचं नाही. शांतपणे सांगायचं की पोच मिळाली की जातो. दिलीच नाही तर तिथूनच पोलीस स्टेशनच्या आणि वरच्या ऑफिसच्या ईमेलवर फोटो काढून पाठवा आणि दुसऱ्या दिवशी पोचपावतीसह स्पीड पोस्टने टाका. व्हॉट्सॲपवर साहेबांना पाठवलंय, ब्ल्यू टिक आलीय, एवढ्यावर थांबू नका.

फोटो-व्हिडिओ ज्या मोबाइलवर काढलेत तो मोबाइल आणि मूळ फाइल जपा. ग्रुपवर फॉरवर्ड झालेली कॉपी कोर्टात फार उपयोगाची नसते. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं (पूर्वी ६५ब म्हणायचे), ते ज्याने काढलं त्याला विचारून वकील तयार करतात, म्हणून कुणी काढलं, कधी काढलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा.

बलात्कार, पोक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा) किंवा कुठल्याही लहान मुलाच्या प्रकरणात नाव, फोटो, शाळा, गल्ली, काहीही बाहेर जाता कामा नये. तो गुन्हा आहे आणि आपल्याच ग्रुपवर सगळ्यात आधी होतो. ॲडमिनने तिथल्या तिथे डिलीट करायला लावायचं.

५. रात्रीचा फोन: उचलून नेलंय

हा भाग दोनदा वाचा.

फोन आला की चार गोष्टी विचारा: नाव आणि वय, किती वाजता नेलं, कोण आलं होतं (वर्दीत का साध्या कपड्यात, गाडी कुठली), आणि काय सांगून नेलं. वय आधी विचारा कारण मुलगा अठराच्या आतला असेल तर त्याला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. शाळेचा दाखला घेऊनच घरच्यांना निघायला सांगा.

नेल्याची वेळ घरातल्या आणि शेजारच्या माणसाच्या सहीने लिहून ठेवा. का, तर घरातून संध्याकाळी सातला नेलेलं असतं आणि कागदावर अटक दुसऱ्या दिवशी दुपारची दिसते. मधल्या वेळेला "चौकशीला बोलावलं होतं" म्हणतात. घटनेचं कलम २२ सांगतं की अटक केलेल्याला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं. घड्याळ कधी सुरू झालं हे तुमच्या त्या चिटोऱ्यावरून वकील मांडतो.

मग जायचं. गेल्यावर आवाज चढवायचा नाही. नवीन पोरं इथेच अडकतात, वाद होतो, धक्काबुक्की झाली म्हणतात आणि आपल्याच माणसावर ३५३ (सरकारी नोकरावर हल्ला) लागतं. (आता भारतीय न्याय संहितेत ते कलम १३२ आहे, पण ठाण्यात अजून सगळे जुन्या नंबरानेच बोलतात, दोन्ही माहीत असू द्या.) एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. विचारायचं ते एवढंच: अटक केलीय का, कुठल्या गुन्ह्यात, गुन्हा रजिस्टर नंबर काय, तपास अधिकारी कोण, कोर्टात कधी नेणार.

हे नियम तोंडपाठ असले पाहिजेत. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आलीय, तिचे नंबर देतेय:

- अटकेचा मेमो, त्यावर घरच्या किंवा त्या भागातल्या एका प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही (कलम ३६). याचं मूळ १९९६ च्या डी. के. बसू निकालात आहे.
- अटकेची कारणं सांगणं (कलम ४७). नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं की कारणं लेखी आणि त्याला कळणाऱ्या भाषेत हवीत, लगेच शक्य नसेल तर निदान रिमांडच्या (कोठडी मागायला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करतात त्याच्या) दोन तास आधी.
- नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणं (कलम ४८).
- चौकशीच्या वेळी आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटणं, सगळा वेळ वकील शेजारी नसला तरी (कलम ३८).
- अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी आणि त्याच्या अहवालाची प्रत त्याला किंवा त्याने सांगितलेल्या माणसाला (कलम ५३).
- बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक नाही, अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घेऊन (कलम ४३).
- सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक नाही, गरज का ते पोलिसांनी लिहून द्यायचं, नाहीतर हजर राहायची नोटीस द्यायची (कलम ३५, आणि २०१४ चा अर्नेश कुमार निकाल).

आता मेडिकल. ही सगळ्यात निसटणारी जागा आहे. सरकारी दवाखान्यात नेतात, डॉक्टर विचारतात काही त्रास आहे का, दोन पोलीस दारातच उभे, माणूस मान हलवून नाही म्हणतो आणि कागदावर "जखमा नाहीत" येतं. म्हणून भेट झाली की पहिलं वाक्य हे सांगा: डॉक्टरला शर्ट काढून दाखव, कुठे मारलं, कशाने मारलं, कधी मारलं ते सांग. तळपायावर मारलं असेल तर वरून दिसत नाही, चप्पल काढून दाखवायला सांगा.

दुसरी जागा म्हणजे मॅजिस्ट्रेट. रिमांडला उभं केल्यावर कोर्ट विचारतं, पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का. हा प्रश्न दहा सेकंदात संपतो. कोर्टात गर्दी, पोलीस शेजारी, अजून दोन दिवस त्यांच्याच ताब्यात जायचंय ही भीती, आणि पोरगा गप्प राहतो. एकदा नाही म्हटलं की पुढे महिनाभराने मारहाणीची तक्रार केली तर हेच विचारतात, तेव्हा का नाही सांगितलं. म्हणून वकिलाने आधी दोन मिनिटं भेटून त्याला तयार करणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि आपलं काम म्हणजे वकील रिमांडच्या आधी कोर्टात पोचेल हे बघणं. सांगितलं की ते रोजनाम्यात (कोर्टाच्या त्या दिवसाच्या नोंदीत) आलं का तेही बघायचं. पण दबाव टाकायचा नाही हं, आत जाणारा तो आहे. त्याला काय होऊ शकतं ते खरं खरं सांगा आणि ठरवू त्यालाच द्या.

मारहाणीची शंका असेल तर त्याच दिवशी ठाण्यातलं सीसीटीव्ही फुटेज जतन करा असा लेखी अर्ज पोलीस स्टेशन, डीसीपी किंवा एसपी आणि कोर्टाला द्या, तारीख आणि वेळ घालून. परमवीर सिंग सैनी निकालात (२ डिसेंबर २०२०) सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायला सांगितलंय, ते शक्यच नसेल तरी एक वर्षापेक्षा कमी नाही. प्रत्यक्षात कॅमेरा बंद होता हे उत्तर येतं, तरी अर्ज गेलेला असला की त्या उत्तराचा जाब विचारता येतो.

पीसीआर (पोलीस कोठडी) संपून एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाली की जामिनाचा अर्ज. जामीनदाराचे कागद आधीच गोळा करा: आधार, रेशन कार्ड, टॅक्स पावती किंवा सातबारा, फोटो, काही ठिकाणी तहसीलदाराचा सॉल्व्हन्सी (ऐपतीचा) दाखला. जामीन मंजूर होऊनही कितीतरी माणसं फक्त जामीनदार नाही म्हणून आत राहतात. सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलंय, पण आपणही प्राधिकरणाच्या सचिवांना पत्र द्या. फाइलवर ६० आणि ९० दिवसांची तारीख लिहा. तोवर दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क तयार होतो, मात्र अर्ज दोषारोपपत्र यायच्या आधी गेला पाहिजे.

६. तक्रारच घेत नाहीत तेव्हा

दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकतात) दिसत असेल तर एफआयआर घेणं बंधनकारक, हे ललिता कुमारी निकालाने (१२ नोव्हेंबर २०१३) पक्कं केलंय. हद्द आमची नाही हे कारण चालत नाही, झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवायचा) आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात मात्र डीवायएसपीच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते, त्यामुळे चौकशी चालू आहे म्हणाले तर परवानगी कुणी, कधी दिली ते विचारा.

सगळ्यात नेहमीचा सापळा म्हणजे एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद. डोकं फुटलंय, टाके पडलेत आणि हातात अदखलपात्रची पावती देतात. बाई खूश होऊन घरी जाते की नोंद झाली. कागद वाचा, एनसी आहे की एफआयआर ते बघा. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. आणि सही करण्याआधी फिर्याद वाचून दाखवायला सांगा. जातीवरून शिवी दिली ते वाक्य, हत्यार, साक्षीदाराचं नाव, हे लिहिताना हमखास गळतं आणि नंतर पुरवणी जबाबात घातलं की मागाहून रचलं म्हणतात.

नाहीच घेतलं तर पायऱ्या अशा: एसपी किंवा डीसीपीकडे लेखी (कलम १७३(४)), मग मॅजिस्ट्रेटकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज (कलम १७५(३)). पहिल्या पायरीची पोच नसेल तर दुसरी चढता येत नाही.

७. अॅट्रॉसिटी आणि बहिष्कार

आपल्याकडे येणाऱ्या प्रकरणात हे बरीच असतात आणि कायदा बाकीच्यांपेक्षा कडक आहे, पण वापरणाऱ्याला माहीत नसतो. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १८अ (२०१८) प्रमाणे एफआयआरआधी प्राथमिक चौकशी लागत नाही. तपास डीवायएसपी किंवा एसीपी दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा. कलम ४ प्रमाणे कर्तव्यात मुद्दाम कसूर करणारा सरकारी नोकरही गुन्हेगार ठरतो. आरोपीच्या जामीन अर्जाची सूचना पीडिताला मिळणं आणि त्याचं म्हणणं ऐकणं हा कलम १५अ चा हक्क आहे. ही सूचना आलीच नाही असं बऱ्याचदा होतं, म्हणून कोर्टाची तारीख आपणच बघत राहायची.

अर्थसहाय्य सहायक आयुक्त, समाज कल्याण यांच्याकडून टप्प्याटप्प्याने मिळतं. जातीचा दाखला, बँक पासबुक, एफआयआर, मेडिकल यांच्या प्रती लवकर द्या. पैसे मिळाले म्हणून समोरचे गावभर काय काय बोलतात, त्याने माणूस खचतो, त्याला सांगा की ही भीक नाही, नियमात लिहिलेलं आहे. जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली दक्षता समिती असते आणि पोलिसांत नागरी हक्क संरक्षण विभाग असतो, दोन्हीकडे प्रत पाठवत जा.

जात पंचायतीने वाळीत टाकलं असेल तर महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे, २०१६ चा, लागू झाला जुलै २०१७ मध्ये. काही ठाण्यात हा कायदा माहीतच नसतो. त्याची छापील प्रत सोबत न्या.

८. आरटीआय टाकताना

महाराष्ट्रात जोडपत्र अ चा नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक अर्ज एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. का, कसं, योग्य आहे का असले प्रश्न विचारू नका, कागद मागा: स्टेशन डायरीची या तारखेची नोंद, अर्जावरच्या कार्यवाहीची टिपणी, कॅमेऱ्याच्या देखभालीचं रजिस्टर. मुदत ३० दिवस, माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, आणि तसं अर्जावर वरच ठळक लिहा. पहिलं अपील ३० दिवसांत, वीस रुपयांचा स्टॅम्प. दुसरं ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे, तिथे मात्र खूप थांबावं लागतं. ज्या कार्यकर्त्यावर त्या गावात दबाव येऊ शकतो त्याच्या नावाने अर्ज टाकू नका.

९. वकील आणि आयोग

बाई, लहान मूल, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतला माणूस, यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना महाराष्ट्रात तीन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असेल तर. साध्या मराठी अर्जावर होतं, हेल्पलाइन १५१००. फुकटचा वकील काय करणार, असं लोक म्हणतात. मी चांगले बघितलेत आणि दुर्लक्ष करणारेही. पटत नसेल तर बदलून मागता येतो, अर्ज करा.

राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार फुकट असते, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत. तोच विषय राष्ट्रीय आयोगाकडे आधी गेलेला नसावा, म्हणून दोन्हीकडे एकदम पाठवू नका. पोलिसांविरुद्ध राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण पण आहे. आयोगाची शिफारस ही शिफारसच असते, त्यामुळे फक्त तिथे तक्रार टाकून निवांत बसायचं नाही, कोर्टाची वाट चालू ठेवायची.

१०. निदर्शनं

महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचे आदेश बऱ्याच शहरांत सतत निघत असतात, पाच किंवा जास्त माणसं जमली तरी कारवाई होऊ शकते. म्हणून तारीख ठरवण्याआधी आदेश बघा आणि लेखी पत्र द्या: जागा, वेळ, अंदाजे माणसं, जबाबदार दोन नावं. रात्री दहानंतर लाउडस्पीकर नाही. पत्रावर नाव कुणाचं द्यायचं ते विचार करून, कारण गुन्हा दाखल झाला तर त्यांच्यावर आधी होतो. सरकारी नोकरीची परीक्षा देणारी पोरं असतील तर त्यांना हे स्पष्ट सांगा, त्यांचा रागही खरा असतो आणि त्यांच्या घरची परिस्थितीही.

आदल्या दिवशी कार्यकर्त्याला नागरिक सुरक्षा संहितेच्या १६८ ची नोटीस येते (जुनं १४९), म्हणजे गुन्हा होऊ नये म्हणून पोलिसांची आगाऊ ताकीद. घ्यायची, वाचायची, वेळ टाकून सही करायची, फोटो काढून वकिलाला पाठवायचा. चॅप्टर केसची (शांतता राखायचा बाँड मागणारी प्रतिबंधक कारवाई) नोटीस आली तर तारखेला हजर राहायचं, बाँड लगेच सही करून देऊ नका, आधी वकिलाला दाखवा.

११. आपली माणसं

मारहाणीच्या, अत्याचाराच्या गोष्टी रोज ऐकून माणूस आतून थकतो, चिडचिडा होतो, घरी बोलत नाही. महिन्यातून एकदा तरी अशी बैठक ठेवा जिथे प्रकरणांवर नाही, एकमेकांवर बोलायचं. फोनची ड्युटी संपली की फोन खरंच दुसऱ्याकडे द्या. गटातल्या बाईला गटातल्याच माणसाने त्रास दिला तर तक्रार कुणाकडे करायची ते आधी ठरलेलं हवं, आणि त्यात "आपलाच माणूस आहे, बाहेर नको" हे वाक्य चालणार नाही. बाहेर हक्कांचं बोलायचं आणि आत हे झाकायचं, असं करणाऱ्या गटाकडे कुणी बाई परत येत नाही, आणि येऊही नये.

निमंत्रक दोन वर्षांनी बदला. जाणाऱ्याने कपाटाची किल्ली, चालू फाइली, प्रत्येक फाइलची पुढची तारीख, ईमेलचा पासवर्ड, वकिलांची थकीत बोलणी आणि वर्गणीचा हिशोब हे सगळं यादी करून सहीने द्यायचं. नवीन निमंत्रकाने पहिल्या आठवड्यात प्रत्येक चालू प्रकरणातल्या कुटुंबाला स्वतः जाऊन भेटायचं, फोनवर नाही, म्हणजे रात्री कुणाला फोन लावायचा ते त्यांना माहीत असतं.